जुना बोलेरो कॅम्पर कोकणात: आधी पत्रा बघा, इंजिन मागाहून

महिंद्राचा डबल केबिनचा पिकअप, म्हणजे दहा-पंधरा वर्षं वापरलेला बोलेरो कॅम्पर, रत्नागिरी-सिंधुदुर्गात आजही सहज विकत मिळतो. जुन्या गाड्यांच्या रॅलीला किंवा ऑफरोडिंगच्या मेळाव्याला जाणाऱ्यांना तो सोयीचाही आहे. पाच माणसं आत, मागच्या हौद्यात मोटारसायकल नाहीतर तंबू-अवजारं, आणि वाटेत कुठे अडलाच तर त्याला हात लावायला कचरणार नाही असा फिटर तालुक्याच्या गावी हमखास असतो. मत आधीच सांगून टाकतो: गाडी घेण्याजोगी आहे. मात्र लोक ती बघतात उलट्या बाजूने. बॉनेट उघडायचं, आवाज ऐकायचा, धूर बघायचा, बाजारपेठेपर्यंत एक फेरी मारायची आणि सौदा ठरवायचा. समुद्रकाठच्या गाडीत इंजिन सगळ्यात शेवटी जातं. आधी जातो तो पत्रा, मग चासी, मग ब्रेकचे पाइप. इंजिन उघडून पुन्हा बांधता येतं आणि त्याचा खर्च आधी मांडता येतो. कुजलेल्या चासीचा हिशोब मात्र कुणालाच मांडता येत नाही.

इंजिनाचं थोडक्यात उरकतो. २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल, ताकद सुमारे ६३ अश्वशक्ती. आकडा किरकोळ वाटतो, पण ओढ खालच्या फेऱ्यांवर आहे, त्यामुळे भरलेली गाडी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर कुरकुर न करता चढते. सपाटीवर ७० ते ७५ ही तिची चाल. ९० ला नेलीत तर केबिनमध्ये बोलणं ऐकू येत नाही आणि डिझेलचा काटा डोळ्यांदेखत उतरतो. रमतगमत चालवली तर लिटरला ११ ते १३ किलोमीटर धरा. जुन्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनाचा डिझेल पंप पूर्ण यांत्रिक आहे. नंतरच्या सीआर इंजिनात कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाने डिझेल), सेन्सर आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) आले. वर्षातले काही महिने गाडी उभीच राहणार असेल तर डीआय बरी, कारण दमट हवेत हिरवट पडलेल्या कनेक्टरांची शोधाशोध करावी लागत नाही. सीआर घेत असाल तर इंजेक्टरच्या रिटर्न पाइपांना चार छोट्या बाटल्या लावून इंजिन आयडलवर ठेवा आणि चारही बाटल्यांत सारखं डिझेल जमतंय का पाहा. एकीत दुपटीने जमलं तर तो इंजेक्टर संपत आलाय.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला सांगा, सकाळपासून चालू करू नका. कोकणातल्या हवेत हे इंजिन थंड असतानाही पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागायला हवं. चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून फकफक धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. इंजिनाबद्दल एवढं पुरे.

गाडीने आधी काय वाहिलं, ते विचारा

इथल्या पिकअपला तीन प्रकारचं आयुष्य मिळतं, आणि किलोमीटरच्या आकड्यापेक्षा ते जास्त सांगून जातं. आंब्याच्या पेट्या वाहिलेली गाडी सगळ्यात चांगली. वर्षातले दोन-अडीच महिने वाशीच्या फेऱ्या, माल हलका, एरवी घरची किरकोळ कामं. चिरे वाहिलेल्या गाडीचा पत्रा बरा असतो, पण पाटे (लीफ स्प्रिंगा), शॅकल (पाटे चासीला जोडणाऱ्या कड्या), यू-बोल्ट आणि मागच्या एक्सलचं हाऊसिंग यांचे हाल झालेले असतात. चिऱ्याच्या खाणीतून निघताना 'अजून दोन टाक' म्हणून खेप भरली जाते. ते वजन कागदावर कुठेच नसतं. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करून मागून बघा. दोन्ही बाजूंचे पाटे सरळ किंवा उलटे वाकलेले दिसले, किंवा गाडी एका अंगाला झुकलेली वाटली, तर भाव तिथून सुरू करायचा.

तिसरी मासळीची गाडी. ही शक्यतो टाळा. बर्फाच्या खोक्यांतून गळणारं खारं पाणी हौद्याच्या जोडांतून थेट चासीवर टपकतं, आणि तेही वर्षानुवर्षं. मीठ एकदा जोडात शिरलं की गाडी छपराखाली ठेवूनही फरक पडत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेऊन विरघळतं आणि पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा थर तयार होतो. पावसाळ्यात आपल्याकडे हवा दिवसच्या दिवस याच्या वरच असते, म्हणजे उभ्या गाडीतही गंजाचं काम चालू राहतं. विकणारा 'मासळी कधी मारली नाही' असं सांगेल. हौद्याच्या तळाच्या कोपऱ्यात आणि फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराच्या, बिजागरीत नाक घाला. फिनेल मारलं असलं तरी उन्हात तापलेला हौदा खरं बोलतो.

आता पत्रा. सोबत हवं एवढंच: एक छोटी हातोडी, जुना स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च, आणि जाड कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक. चुंबक दरवाजांच्या खालच्या चार इंचांवर, मागच्या चाकांच्या वरच्या कमानीवर आणि समोरच्या काचेच्या खालच्या पट्टीवर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुटी) आहे. नुकता रंग मारलेल्या गाडीबाबत तर वरून कीर्तन, आतून तमाशा हा अनुभव इतका ठरलेला आहे, की रंग उडालेली गाडी बघायला उलट बरं वाटतं. निदान जे आहे ते दिसतं तरी.

पायाखालचं मॅटिंग उचलायला लावा. मालक नको म्हणाला तर उत्तर मिळालं. ड्रायव्हरच्या पायांखालची जागा, सीटच्या बोल्टांभोवती, आणि केबिन चासीवर जिथे रबरी माउंटिंगवर बसते ती चार-सहा ठिकाणं बघा. माउंटिंगजवळचा पत्रा पापडासारखा झाला असेल तर दरवाजे नीट लागत नाहीत. बिजागऱ्या बदलून ते दुरुस्त होत नाही. मग गाडीखाली जा. चासीवर हातोडीने हलके ठोके द्या. चांगल्या लोखंडाचा ठणठण आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द आवाज येतो आणि खपल्या पडतात. सगळ्यात आधी तपासायच्या जागा म्हणजे मागचा शॅकल जिथे चासीला धरतो तो ब्रॅकेट, हौदा चासीवर टेकतो तिथले ठोकळे (लाकडी किंवा रबरी, त्यांच्याखाली ओल कधी वाळत नाही), आणि अगदी मागचा आडवा मेंबर. शॅकलचा ब्रॅकेट गेला असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिथे 'प्लेट मारून देतो' म्हणणारे भेटतात. पण कुजलेल्या लोखंडावर मारलेला वेल्ड कडेने फाटतो, आणि फाटतो तो भरल्या गाडीत, वळणावर.

चासीच्या कडेने मागे जाणारा ब्रेकचा लोखंडी पाइपही बोटाने चाचपत जा. क्लिपांच्या खाली तो जास्त सडतो. खरखरीत लागला तर बदलायचाच. तांबं-निकेलचा पाइप मिळाला तर तो घ्या. तो गंजत नाही आणि हाताने वाकवता येतो. साधं तांबं नको, कंपनाने ते कडक पडून तडकतं.

अंडरबॉडी कोटिंग: तीन माल, एकच कामाचा

गाडी घेतल्यावर पहिला खर्च इथे करा. सीट कव्हर, म्युझिक, लाइट बार यांना मागाहून भरपूर वेळ आहे.

बाजारात तीन पर्याय आहेत. पहिला काळा, डांबर-रबराचा जाड थर. शोरूमपासून रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरपर्यंत हाच मारला जातो. नव्याकोऱ्या, कोरड्या, गंज नसलेल्या पत्र्यावर तो ठीक आहे, दगडगोट्यांचा मारही झेलतो. जुन्या गाडीवर मात्र तो घातक आहे. आधीच गंज असलेल्या जागी तो नीट चिकटत नाही, एक-दोन पावसाळ्यांत कडेने सुटतो, आणि सुटलेल्या थराच्या आत खारं पाणी शिरून बसतं. बाहेरून सगळं काळं, गुळगुळीत. आत पत्रा भुसभुशीत. विकायला आलेल्या गाडीखाली ताजा काळा थर दिसला तर लपवण्यासारखं काहीतरी आहे असंच समजून चाला आणि स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा.

दुसरा पर्याय फुकटातला: इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल डिझेलमध्ये मिसळून खाली फवारायचं. पूर्वापार चालत आलेली रीत आहे आणि थोडा काळ ती चालतेही. पण त्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि काजळी असते, रबरी बुश आणि होसपाइप त्याने फुगतात, आणि पहिल्याच जोराच्या पावसात ते धुऊन अंगणात, तिथून विहिरीकडे जातं. ब्रेकच्या ड्रमवर चार थेंब गेले तर लायनर बाद. हा पर्याय नको.

तिसरा लॅनोलिन किंवा मेणाचा मऊ थर. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ. तो सुकून कडक होत नाही, त्यामुळे तडकत नाही. खरचटलं तरी पुन्हा पसरतो आणि गंजाच्या बारीक भेगांत झिरपतो. दोष दोन: हाताला-कपड्याला लागतो, आणि दरवर्षी हात फिरवावा लागतो, विशेषतः चाकांच्या कमानींत, जिथे चाकांनी उडवलेलं पाणी त्याला धुऊन काढतं. शिवाय तो चिकट असल्याने लाल माती धरून ठेवतो. दिसायला वाईट, पण पत्रा वाचतो. किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीला आम्ही हाच सुचवू, दुसरा कुठलाही नाही.

पूर्ण खालची बाजू, चासीची आतली पोकळी, दरवाजे आणि फाळका मिळून साधारण चार ते पाच लिटर माल लागतो. पोकळ्यांसाठी लांब नळीचा, टोकाला चहूबाजूंनी फवारणारा नोझल हवा. तो नसेल तर निम्मं काम वाया. क्रम असा ठेवा. एप्रिल-मेमध्ये गाडी खालून भरपूर गोड्या पाण्याने धुऊन किमान दोन दिवस कडक उन्हात वाळवा. सुटलेला काळा थर आणि खपल्या पटाशीने, मग वायर ब्रशने काढा. थिनरने पुसा. जो गंज घट्ट चिकटून आहे, खपल्या पडत नाहीत, त्यावर फॉस्फरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर लावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ द्या. सैल गंजावर कन्व्हर्टर लावणं म्हणजे पैसे मातीत घालणं. वरचा थर काळा होतो आणि आतलं चालूच राहतं. त्यावर दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर, एक लिटर पुरतो. जोडांवर सीम सीलर, मग वरचा रंग, तो पूर्ण वाळल्यावर लॅनोलिन.

प्रायमर आणि रंग सकाळी दहाच्या आधी किंवा ऊन उतरल्यावर मारू नका. हवेत ८५ टक्क्यांपेक्षा जास्त दमटपणा असेल तर पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल बसते आणि रंग पुढे सोलून निघतो. पेंटर 'संध्याकाळी गारव्यात मारू' म्हणाला तर त्याला थांबवा. आणि सगळं झाल्यावर दरवाजांच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. नव्या रंगाने किंवा मेणाने ती बुजली तर दरवाजात पाण्याची टाकीच तयार होते.

यंत्रात इथे काय बिघडतं

रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतू नका. किनाऱ्यालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात खारटपणा येतो, आणि ते क्लोराइड रेडिएटर व वॉटर पंप आतून खातं. 'इथे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला' हे ऐकायला बरं वाटतं. पण कूलंटचं आपल्याकडचं मुख्य काम गंज रोखणं आणि उकळण्याचा बिंदू वर नेणं हे आहे. बॅटरीचं डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं, दोन वर्षांनी बदली. जुन्या गाडीत पहिल्यांदा भरताना आतलं तांबूस पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, हीटरची वाहिनीही उघडी ठेवा. बाहेरच्या बाजूला जाळीत लाल माती आणि किडे अडकून पदर तयार होतो. पाण्याची धार इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, समोरून मारलीत तर तो पदर आणखी आत घट्ट बसतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ या ग्रेडचा उत्कलनबिंदू ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंश, ओल धरल्यावर १४० पर्यंत खाली. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५. आंबा किंवा कुंभार्ली घाट भरल्या गाडीने उतरताना ब्रेकजवळचं ऑइल या ओल धरलेल्या आकड्याच्या जवळ जाऊ शकतं. उकळलं की वाफ होते, आणि पेडल तळाला जातं. पुस्तकात दोन वर्षं लिहिलेली असतील, किनाऱ्यावर दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदला. एक लिटरचा डबा पूर्ण यंत्रणा धुऊन भरायला पुरतो. मागचं डावं चाक, मागचं उजवं, मग पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं, म्हणजे मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात.

पेडल अचानक दगडासारखं कडक झालं तर दोष ब्रेकचा नसून ब्रेकला जोर देणाऱ्या व्हॅक्युमचा असतो. डिझेल इंजिनात व्हॅक्युम पंपाने बनवावा लागतो, आणि या पिढीतल्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागच्या अंगाला बसवलेला सापडतो. त्याचं सील गेलं की इंजिन ऑइल अल्टरनेटरच्या आत उतरतं. मग ब्रेकही कडक आणि चार्जिंगही बंद, अशी दोन दुखणी एकदम दिसतात आणि फिटर दोन वेगवेगळ्या ठिकाणी शोधत बसतो. अल्टरनेटरखाली तेलाचा ओघळ दिसला की सील बदलून घ्या. काम छोटं आहे. चार्जिंग १३.८ ते १४.४ व्होल्ट असावं.

सेल्फ 'टक' करून थांबणं हे इथलं नेहमीचं. बॅटरीवर खापर फोडून नवी आणली जाते आणि आठवड्याने पुन्हा तेच. आधी अर्थिंग बघा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि सेल्फ मारताना वाचा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर इंजिन-चासीमधली पट्टी गंजली आहे. काढा, घासून चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली. आवळण्याआधी नाही, नंतर.

डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा सापळा पावसाळ्यात दर पंधरवड्याला, एरवी महिन्याने मोकळा करा. टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करू नका. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि टाकीच्या तळाला बसतं. फिल्टर बदलल्यावर हवा काढायची: फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दीड आटा सैल करा, हातपंप मारत राहा, फेस जाऊन अखंड डिझेल आलं की पंप दाबूनच स्क्रू आवळा. हे प्रत्येक चालवणाऱ्याला यायला हवं.

पाट्यांच्या मधल्या पदरांत गंज फुगतो आणि पाटे एकमेकांवर सरकेनासे होतात. मग गाडी रिकामी असताना उडते आणि शेवटी सेंटर बोल्ट तुटतो. तुटला हे ओळखायचं कसं? एक मागचं चाक कमानीत पुढे-मागे सरकलेलं दिसतं आणि गाडी तिरकी चालते. पाटे उतरवून, घासून, मधे ग्राफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधणं हे दोन-तीन वर्षांनी एकदा. यू-बोल्ट जुने परत वापरू नका. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. नवे लावल्यावर २०० किलोमीटरनंतर परत आवळा. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि शॅकल यांना दर ५,००० किलोमीटरला, आणि पाण्यातून गाडी गेली की लगेच ग्रीस. ताजं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत मारायचं, दोन दाब मारून पुढे जायचं नाही. क्राऊनमधलं (मागच्या एक्सलच्या डिफरन्शियलमधलं) ऑइल काढून बघा: ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलंय, ब्रीदरची (हवा ये-जा करायच्या तोंडाची) टोपी तपासा.

रॅलीचा रस्ता

मुंबईच्या विंटेज रॅलीला जायला मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे आताचा ६६ नंबर. कशेडीचे बोगदे झाल्यापासून पोलादपूर-खेडमधला जुना घाट टळतो. दक्षिणेकडे गोव्यातल्या मेळाव्यांना हाच रस्ता. पुण्या-कोल्हापूरकडच्या मेळाव्यांना मात्र सह्याद्री चढावाच लागतो: चिपळूणहून कुंभार्ली, रत्नागिरीहून आंबा, सावंतवाडीहून आंबोली, माणगावहून ताम्हिणी. पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद होतात, निघण्याआधी चौकशी करावी.

घाट ज्या गिअरवर चढता त्याच गिअरवर उतरा. हे प्रत्येकाला ठाऊक असतं, पाळत कुणी नाही. न्यूट्रलवर सोडून डिझेल वाचवण्याचा प्रकार तर बिनडोकपणा आहे. वर पोचल्यावर थांबायचं असेल तर इंजिन मिनिटभर आयडलवर ठेवून मगच बंद करा, टर्बोच्या बेअरिंगला तेवढं गार ऑइल मिळायला हवं.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा या फेरीबोटींनी वळसे वाचतात आणि प्रवास छान होतो, पण उतरणीवर भरतीचं पाणी असलं तर चाकांना खारं पाणी लागतं. मुक्कामी पोचलात की बागेतला फिरता स्प्रिंकलर गाडीखाली अर्धा तास लावून ठेवा, मधे एकदा जागा बदला. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय. प्रेशर वॉशरच्या टोकदार धारेपेक्षा हे बरं. ती धार बेअरिंगच्या सीलमधून मीठच आत ढकलते. त्या रात्री हँडब्रेक ओढू नका. ओले लायनर ड्रमला रात्रीत गंजून चिकटतात आणि सकाळी चाक फिरत नाही. पहिल्या गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. पुळणीवर, म्हणजे समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत, गाडी घालूच नका. बऱ्याच ठिकाणी मनाई आहे, आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

हौद्यात मोटारसायकल न्यायची असेल तर पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवा, स्टँड वर, मोटारसायकल गिअरमध्ये. चार रॅचेट पट्टे: दोन पुढे हँडलच्या खालच्या भागाला, दोन मागे. पुढची सस्पेन्शन निम्मी दबेपर्यंत ताणा, पूर्ण दाबलीत तर फोर्कची सीलं जातात. पहिल्या २० किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ताणा, कारण ते सैल पडतातच.

सोबत ठेवायचं: पंख्याचा पट्टा, डिझेल फिल्टर, वरचा-खालचा रेडिएटर होस, पाच लिटर डिमिनरलाइज्ड पाणी, एक लिटर इंजिन ऑइल, फ्यूज, हेडलाइटचे बल्ब, व्हीलपाना आणि त्यावर घालायला दोन फुटी पाइप, कारण खाऱ्या हवेतले नट नुसत्या पान्याने सुटत नाहीत. जॅकखाली ठेवायला लाकडी फळी. लाल मातीत जॅक रुततो. स्टेपनी धरून ठेवणारा साखळी-दांडा घरीच एकदा उतरवून ग्रीस लावा. बऱ्याच गाड्यांत ती स्टेपनी गंजून तिथेच घट्ट बसलेली असते, आणि हे कळतं ते पंक्चर झाल्यावर. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही ताजी असो, लांबच्या प्रवासाला नको.

मेळाव्यात अशा गाडीला मान मिळतो तो मूळ रूपाचा. मूळ बॅज, मूळ ग्रिल, मूळ रिम जपा. रंग फिका चालेल, चकाकता रंग आणि खाली लांबी जाणकारांच्या नजरेतून सुटत नाही. पुढचा बुलबार काढाच. केंद्र सरकारने २०१७ साली राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय, आणि नाक्यावर अडवायला ते आयतं निमित्त होतं.

कागद

बहुतेक कॅम्पर मालवाहू म्हणून नोंदलेले असतात. आठ वर्षांपुढच्या अशा गाडीचं पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी करावं लागतं. ते संपलेलं असेल तर विमाही दावा नाकारू शकतो. आरसीवर एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिट लागत नाही, म्हणजे गोव्यात जाताना त्या एका कागदाची काळजी नाही. चालवायला एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स पुरतं; ७,५०० किलोंपर्यंतच्या मालवाहू गाड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलेली आहे का पाहा. हौद्यात माणसं बसवून रॅलीच्या मैदानापर्यंत जाणं बेकायदा आहे, अंतर कितीही असो.

'विंटेज' नोंदणीच्या नादाला कुणी लावलं तर लागू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली लागते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं, आणि ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. बोलेरो हे नावच २००० साली आलं.

याच पैशांत स्कॉर्पिओ गेटअवे किंवा टाटा झेनॉनही दिसतील. दोन्ही चालवायला जास्त मजेशीर, ताकदही जास्त. पण दोन्ही बंद झालेल्या गाड्या. इंजिनाचं सामान मिळेल, फाळका, मागचे दिवे, काचा आणि हौद्याचा पत्रा शोधायला कुर्ल्याचा जुना बाजार पालथा घालावा लागतो. कॅम्परचा दरवाजा चिपळूणला ऑर्डर देऊन आणता येतो. ज्याला दरवर्षी मे महिन्यातले चार दिवस गाडीखाली झोपून घालवायचे नसतील, त्याने मात्र तिन्हींपैकी एकही घेऊ नये.